यंत्रानुवादाच्या काळात अनुवादकाचे कौशल्य

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणते व्यवसाय टिकतील व कोणते लोप पावतील, या प्रश्नाची चर्चा बहुधा सर्व व्यवसायांना एकाच मापाने मोजून केली जाते. अशा चर्चेतून भीती किंवा निश्चिंतता यांपैकी काहीतरी एक हाती लागते. कौशल्याचे नेमके काय होते ते मात्र कळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात इंग्रजी-मराठी अनुवाद हा एकच व्यवसाय विचारार्थ घेतला आहे. भाषा विषयाच्या पदवीधरांना उपजीविकेचे जे मोजके मार्ग उपलब्ध होते, त्यांपैकी हा एक होय. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा आघात ज्या व्यवसायांवर सर्वप्रथम झाला, त्यांतही त्याची गणना करावी लागते.

यंत्रानुवादाची वाटचाल

यंत्राकडून अनुवाद करून घेण्याची कल्पना नवी नाही. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठ व आयबीएम यांनी सुमारे साठ रशियन वाक्ये संगणकाद्वारे इंग्रजीत आणून दाखविली. यंत्राचा शब्दसंग्रह अवघा २५० शब्दांचा होता. तरीही काही वर्षांतच हा प्रश्न सुटेल अशी आशा व्यक्त झाली. १९६६ च्या ‘आल्पॅक’ समितीच्या अहवालाने ती आशा मावळली व अमेरिकेतील संशोधनाचा निधी आटला. पुढे व्याकरणाचे नियम यंत्रास शिकविण्याऐवजी अनुवादित मजकुराच्या प्रचंड साठ्यातून संख्याशास्त्रीय संबंध शोधण्याची पद्धत आली आणि गेल्या दशकात तिची जागा न्यूरल नेटवर्कने घेतली. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने राजभाषा हिंदीतील शासकीय अनुवादासाठी ‘मंत्र’ ही प्रणाली विकसित केली होती. गूगलच्या अनुवादसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला व २०१७ मध्ये तिला न्यूरल पद्धती लागू झाली. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ मधील. त्याच वर्षाच्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले.

या इतिहासातील एक गोष्ट अनुवादकाने विशेष ध्यानात घ्यावी. जुन्या यंत्रानुवादाची चूक वाचताक्षणीच दिसे, कारण वाक्यच मोडके असे. आजच्या यंत्राचे मराठी वाक्य बहुधा सुघटित व ओघवते असते. त्यामुळे चूक नाहीशी झालेली नाही; ती ओघामागे दडली आहे. एखादा नकार गळाला किंवा ‘वगळून’ च्या जागी ‘धरून’ आले, तरी केवळ मराठी मजकूर वाचणाऱ्यास काहीही खटकणार नाही.

यंत्र कोठे अडखळते

इंग्रजी वाक्यात जी माहिती नसतेच, ती मराठी व्याकरण मागते. येथे यंत्रास तर्क करावा लागतो. ‘डॉक्टर आले’ म्हणावे की ‘डॉक्टर आल्या’? इंग्रजी क्रियापद याचे उत्तर देत नाही. ‘अंकल’ म्हणजे काका, मामा की मावशीचे यजमान, हे मागचा-पुढचा संदर्भ सांगेल तरच कळते. याहून सूक्ष्म उदाहरण ‘वी’ या सर्वनामाचे. मराठीत ‘आपण’ म्हटले की श्रोता त्यात येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. समितीच्या परिपत्रकात ‘माहिती आपण सादर करावयाची आहे’ आणि ‘माहिती आम्ही सादर करावयाची आहे’ या दोन वाक्यांत जबाबदारी बदलते. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द. येथे निवड करणारा अनुवादक केवळ भाषा जाणून भागत नाही. परिपत्रक कोणी, कोणास व कोणत्या अधिकाराने काढले आहे, हे त्यास ठाऊक असावे लागते.

विधी व प्रशासन या क्षेत्रांत ही अडचण अधिक गंभीर होते. करारविषयक कायद्यातील ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, प्रतिफल. ‘एक्झिक्यूशन’ या एकाच शब्दाने दस्तऐवजाचे निष्पादन, हुकूमनाम्याची अंमलबजावणी आणि देहदंड असे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. निकालपत्रातील ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी. शब्दशः गेल्यास तेथे ‘रजा मंजूर’ असे हास्यास्पद रूप अवतरते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही अनुवादप्रणाली सुरू केली, परंतु तेथेही यंत्राचा मसुदा माणसाकडून तपासून घेतला जातो. यंत्र सुधारते आहे, आणि वरीलपैकी काही चुका ते उद्या करणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. मात्र चूक झाल्यास त्याचे उत्तरदायित्व यंत्राकडे जात नाही. स्वाक्षरी करणारा माणूसच असतो.

कामाचे बदललेले स्वरूप

अनुवादकाकडे आता कोऱ्या कागदाऐवजी यंत्राचा मसुदा येतो आणि तो दुरुस्त करण्याचे काम सांगितले जाते. या कामासाठी २०१७ मध्ये आयएसओ १८५८७ हे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. काम देणाऱ्यांची समजूत अशी की दुरुस्ती म्हणजे अर्धे काम, म्हणून मोबदलाही अर्धा. ही समजूत भ्रामक होय. मूळ मजकूर वाक्यागणिक पडताळणे, पारिभाषिक संज्ञा साऱ्या दस्तऐवजात एकसारखी राखणे आणि ओघवत्या वाक्यास न भुलणे यांस कधीकधी स्वतंत्र अनुवादाहून अधिक अवधान लागते. तेव्हा मूल्य कमी झाले ते वेगाने लिहिण्याचे व सामान्य शब्दसंपत्तीचे. मूल्य वाढले ते विषयज्ञानाचे, मूळ भाषेच्या काटेकोर वाचनाचे आणि आपला निर्णय कारणांसह मांडता येण्याचे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश व इतर परिभाषा कोश हाताशी बाळगणे, आपण वापरलेल्या संज्ञांची सूची ठेवणे, ही जुनीच शिस्त येथे उपयोगी पडते. तिला एका नव्या दक्षतेची जोड हवी : ग्राहकाची गोपनीय कागदपत्रे सर्वांसाठी खुल्या असलेल्या साधनात टाकणे हे विश्वासभंगाचे कृत्य ठरू शकते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर त्यास कायदेशीर परिमाणही आले आहे.

नवशिक्यांचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी चिंता अनुभवी अनुवादकाची नाहीच. तो मसुदा तपासू शकतो, कारण त्याने वर्षानुवर्षे स्वतः मसुदे लिहिले आहेत. माहितीपत्रके, सूचना, साधी पत्रे अशा सोप्या कामांवर त्याचा हात बसला, आणि नेमकी हीच कामे आता यंत्राकडे गेली आहेत. मग पुढचा तपासनीस कोठे घडणार? व्यवसायाने जी उमेदवारी दिली, ती आता महाविद्यालयाच्या वर्गातच द्यावी लागेल. अन्यत्र तिला जागा उरलेली नाही.

त्या दृष्टीने वर्गातील क्रम महत्त्वाचा ठरतो. विद्यार्थ्याने आधी स्वतः, कोशांच्या आधारे, उतारा अनुवादित करावा. त्यानंतर यंत्राचा अनुवाद त्याच्यापुढे ठेवावा. हा क्रम उलटला तर यंत्राचे वाक्य मनात घर करते व दुसरा पर्याय सुचेनासा होतो. दोन्ही अनुवादांतील प्रत्येक फरकाची नोंद करावी : अर्थ गळाला, भर पडली, संज्ञा चुकली, की केवळ शैली वेगळी आहे? शेवटच्या प्रकारात यंत्राचे वाक्य सरस असेल तर तसेही मोकळेपणाने लिहावे. विद्यार्थ्यांची अनेकदा गल्लत होते ती येथेच. आपल्या शब्दाहून वेगळा शब्द म्हणजे चूक, असे ते धरून चालतात.

परीक्षापद्धतीतही बदल अपरिहार्य आहे. घरून करून आणावयाचा अनुवाद आता विद्यार्थ्याची परीक्षा घेऊ शकत नाही. त्याऐवजी सदोष यंत्रानुवाद व मूळ उतारा परीक्षागृहात देऊन दुरुस्त्या मागाव्यात, आणि दुरुस्तीइतकेच गुण तिच्या कारणास द्यावेत. अशा उत्तरपत्रिका तपासावयास वेळ अधिक लागतो, एकच आदर्श उत्तर पुढे ठेवून गुण देता येत नाहीत आणि ऐंशी-नव्वद विद्यार्थ्यांच्या वर्गात हे एकट्या अध्यापकास झेपणारे नाही. अभ्यासमंडळांनी या प्रश्नपत्रिकेचा विचार करताना विद्यार्थिसंख्येचा विचार त्याच बैठकीत करावयास हवा.