भोजने मत्तञ्ञुता : वजन उतरविण्याचा आरंभ कोठून करावा?

शरीराचे वाढलेले वजन कमी केले पाहिजे, हे बहुतेकांना पटलेले असते. तथापि आरंभ होत नाही. 'लग्नसराई आटोपल्यावर', 'दिवाळीनंतर' अशा मुदती पडत जातात. प्रेरणा नाही, असे आपण म्हणतो; परंतु प्रेरणा कशाने अडते आणि कशाने जागी होते, याचा विचार क्वचितच करतो. तो येथे धम्माच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम आपल्या परिस्थितीकडे पाहू. जालना जिल्हा १९८१ साली स्थापन झाला. त्याआधीच्या १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. मिलोच्या भाकरीवर आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीवर घरे जगली. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या शिळे आणि अर्धपोट आले, त्या समाजात भरलेले अंग हे सुस्थितीचे लक्षण ठरले, यात नवल नाही. 'खात्यापित्या घरचा' हे आपल्याकडे कौतुकाचे बोल आहेत. ताटात आग्रहाने वाढणे ही माया आहे. म्हणून 'कमी खा' हा उपदेश मनाला टोचतो. भूक सोसलेल्या आईबापांचा तो अवमान वाटतो. आरंभाच्या आड येते ते केवळ आळस नव्हे, हा इतिहासही येतो.

याच इतिहासाची दुसरी बाजू वैद्यकशास्त्राने दाखविली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास चालविला. आपले अर्भक वजनाने लहान असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यातून दिसले. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. अर्थात, थोडेसे सुटलेले पोटही आपल्याला महागात पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी सावधानतेची मर्यादा मानली जाते.

मात्र येथे कोणालाही दोषी धरावयाचे नाही. अहोरात्र परिश्रम करणाऱ्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेहाने ग्रासले होते. हा आजार आळशालाच होतो असे मानणे अज्ञानाचे आहे, आणि लाज ही प्रेरणा नव्हे. लाजेने माणूस लपून खातो.

मग प्रेरणा कशी जागते? संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात याचे उत्तर आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळेस द्रोणभर भात खात असे. द्रोण हे धान्याचे मोठे माप. असाच एकदा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. जागरूक राहून भोजनाची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना क्षीण होतात, तो सावकाश जरा पावतो व दीर्घायू होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी उच्चारली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन या तरुणास ती पाठ करावयास लावली आणि रोज भोजनसमयी म्हणून दाखविण्यासाठी शंभर कहापण ठरविले. क्रमाक्रमाने राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे द्रोणाहून पुष्कळ लहान माप. अंग हलके झाल्यावर स्वतःच्या गात्रांवरून हात फिरवीत त्याने आनंदाचे उद्गार काढले.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, राजाने आपले दुःख स्वतः अनुभवले होते. धाप हीच त्याची साक्ष होती. जिना चढताना लागणारा दम, दुखणारे गुडघे हे आपल्यापाशीही असतात. दुसरी, त्याने आपल्या निश्चयावर विसंबून न राहता योग्य क्षणी आठवण देणारा मनुष्य नेमला. प्रेरणा सकाळी असते आणि ताटावर बसताच मावळते. म्हणून स्मृती ताटापाशीच हवी. तिसरी, उतरण क्रमाने झाली. देहदंड स्वतः आचरून व्यर्थ ठरविणाऱ्या तथागतांचा हा मध्यममार्ग आहे.

आपल्या घरी सुदस्सन कोण होईल? लेक, नातू, पत्नी, पती, कोणीही. घरातील उपासिका बहुधा सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेले टाकवत नाही म्हणून तेही पोटात घालते. तिला मात्रा पाळावयास सांगण्यापूर्वी एकत्र जेवणे व बेताचे रांधणे ही घराची जबाबदारी आहे. पहिल्या आठवड्यात एवढेच करावे: दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थांबावे, चहातील साखर अर्धी करावी, आणि अर्धा तास चालावे. चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांनी आहार सुधारला व चालणे वाढविले तेव्हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. तोही वजनात विशेष फरक न पडता. म्हणून काटा हलला नाही तरी निराश होऊ नये.

वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच काळात उपासकांनी कमरेचे माप घेऊन मात्रेचा आरंभ एकत्र करावा, असे आम्ही सुचवितो. आषाढ पौर्णिमेस घेतलेले माप आश्विन पौर्णिमेस पुन्हा पाहावे. अष्टशील पाळून मध्यान्हानंतरचे भोजन वर्ज्य करणारे उपासक मधुमेहाची औषधे घेत असल्यास त्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. अन्यथा रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आपल्या पूर्वजांना अन्नाची मात्रा ठरविण्याचा अधिकारच नव्हता. ती दुसरे ठरवीत. आज ती आपल्या हाती आहे. तिचा विवेकाने उपयोग करणे हा भूक सोसलेल्यांचा अवमान नसून त्यांच्या कष्टाचा सन्मान आहे.