लेकीचा जबडा

संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजीचे गुडघे येतात. माझ्या लेकीला नवव्या वर्षी डॉक्टरांनी संधिवात सांगितला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पोरीला कसला आलाय वात?" पण १६ वर्षांच्या आत सुरू होणारा, किमान सहा आठवडे टिकणारा आणि दुसरं कारण न सापडणारा सांधेदाह मुलांना होतो.

गुडघा सुजला तर दिसतो तरी. जबड्याचं तसं नाही. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तिथली सूज सहसा दिसत नाही आणि पुष्कळ मुलांना दुखतही नाही. आमची लेक भाकरी सोडून वरणभात मागू लागली. पेरू नको, ऊस नको. जांभईसुद्धा अर्धवट. सासूबाईंच्या मते हे नखरे!

डॉक्टरांनी मात्र तिला 'आ' करायला लावलं आणि वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजलं. २८ मिलिमीटर. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे सरकत होती. मग शिरेतून औषध देऊन एमआरआय काढला. एक्स-रेत हाड झिजल्यावर कळतं, यात दाह आधीच दिसतो.

एवढी घाई कशाला? तर खालचा जबडा वाढतो तोच मुळी या सांध्याच्या टोकावरच्या कूर्चेतून. तिथे दाह राहिला की वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते. एकाच बाजूला असेल तर चेहरा त्या बाजूला झुकतो. (आणि मुलीचा चेहरा म्हटला की शेजारणींची मतं तयारच असतात. त्यांना मी सरळ चहा देते आणि विषय बदलते.)

औषधं सुरू झाली. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आम्ही दात घासल्यावर करतो. दातांना तारा लावायचा विषय निघाला, तेव्हा दंतवैद्यांना संधिवाताचं आधी सांगितलं. तुमच्याही मुलाला हा आजार असेल तर पुढच्या भेटीत जबडा तपासायला सांगा, तक्रार नसली तरी.

आता लेक १३ वर्षांची आहे. गेल्या खेपेला माप ३८ भरलं. हनुवटी अजून किंचित डावीकडेच आहे. शस्त्रक्रिया लागेल का, ते वाढ पूर्ण झाल्यावर ठरेल. परवा तिने पेरू मागितला, फोडी करून.