पाथरीला जाताना: मुक्काम कुठे, जेवण काय

पाथरी हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव परभणी शहराच्या पश्चिमेला सुमारे 45 किलोमीटरवर आहे. कल्याणहून अहिल्यानगर, माजलगाव, परभणी, नांदेड करत तेलंगणातल्या निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 गावावरून जातो. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. एरवी ऊस, कापूस, सोयाबीन आणि ज्वारीच्या व्यवहारात गुंतलेल्या या गावी बाहेरगावचा माणूस येतो तो प्रामुख्याने एका कारणासाठी: शिर्डीच्या साईबाबांचा जन्म इथे झाला, अशी अनेकांची श्रद्धा आहे.

‘साईसच्चरित’ हा चरित्रग्रंथ बाबांचे जन्मगाव सांगत नाही. पुढे अभ्यासक विश्वास बाळकृष्ण खेर यांनी 1970च्या दशकात पाथरीत येऊन शोध घेतला आणि इथल्या भुसारी घराण्याशी बाबांचा संबंध जोडला. भुसारींच्या जुन्या घराच्या जागेवर 1999मध्ये साई जन्मस्थान मंदिर उभे राहिले. जानेवारी 2020मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा जन्मस्थानाच्या उल्लेखावरून शिर्डीकरांनी हरकत घेतली आणि 19 जानेवारीला शिर्डीत बंद पाळला. वाद मिटला नाही, पण पाथरीचे नाव त्या आठवड्यात महाराष्ट्रभर पोचले.

येणाऱ्यांपैकी बरेच जण शिर्डीहून येतात. शिर्डी ते पाथरी अंतर सुमारे 275 किलोमीटर. सकाळी निघून, तासभर दर्शन घेऊन त्याच दिवशी परतायचे ठरवले तर साडेपाचशे किलोमीटर गाडीत बसावे लागते आणि वाटेतल्या ढाब्यावरच्या पनीरवर दिवस काढावा लागतो. पाथरी अशी उरकण्याजोगी नाही. एक रात्र या भागात काढली तरच इथले जेवण ताटात पडते, आणि ते जेवण हे या गावाला येण्याचे दुसरे, तेवढेच सबळ कारण आहे.

रेल्वे पाथरी गावात नाही. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे मानवत रोड हे जवळचे स्टेशन, तर सेलू त्याहून थोडे लांब. पण सगळ्या गाड्या मानवत रोडला थांबत नाहीत, म्हणून बाहेरगावच्या प्रवाशाने परभणी जंक्शनवर उतरणे सोयीचे. मुंबईकडून येणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम आणि तपोवन या गाड्या परभणीला थांबतात. तिथून मानवतमार्गे पाथरीला एसटी जाते. विमानाने यायचे झाल्यास नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते.

मुक्कामाचा विचार करताना पाथरीचा आकार ध्यानात घ्यावा. 2011च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास होती. शिर्डीसारखी हॉटेलांची रांग इथे शोधू नये. तालुक्याच्या गावी असतात तसे साधे लॉज आणि शासकीय विश्रामगृह यांच्या पलीकडे फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. विश्रामगृहात सरकारी कामासाठी आलेल्यांना प्राधान्य मिळते, त्यामुळे त्यावर विसंबून निघू नये. पहाटेच्या काकड आरतीला हजर राहायचे असेल तरच पाथरीत रात्र काढावी, आणि तीही मंदिर समितीकडे फोनवर सोयीची चौकशी करून. दसरा, रामनवमी, गुरुपौर्णिमा या दिवसांत तर विचारल्याशिवाय येऊच नये. साईबाबांनी 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीला देह ठेवला. त्यामुळे दसऱ्याला साईमंदिरांत मोठी गर्दी होते. गुरुवारचेही तसेच.

कुटुंबासह, वडीलधाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांनी परभणीत राहावे, हा स्पष्ट सल्ला. जिल्ह्याचे ठिकाण, रेल्वे जंक्शन आणि 1972मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ यांमुळे तिथे व्यापारी, अधिकारी, विद्यार्थी आणि पाहुण्यांची कायम ये-जा असते, म्हणून स्टेशन आणि बस स्टँडच्या परिसरात लॉज आहेत, थोड्या वरच्या दर्जाची हॉटेलेही आहेत. सकाळी सातला निघाले तर पाथरीचे दर्शन आणि जेवण करून संध्याकाळपर्यंत आरामात परतता येते. मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला आधी खोली राखून ठेवावी. 2 फेब्रुवारीपासून परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, सर्व धर्मांचे लोक लांबून येतात आणि ऐनवेळी जागा मिळणे कठीण होते. मानवत आणि सेलू ही कापसाच्या व्यापाराची जुनी गावे. तिथेही रात्रीपुरती सोय होते, पण परभणी हाताशी असताना मुद्दाम तिथे थांबण्याचे कारण नाही.

मराठवाड्यातला लॉज घेताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी खोलीचे भाडे चोवीस तासांच्या हिशेबाने असते: रात्री दहाला आत गेलात तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत खोली तुमची. सकाळी उतरणाऱ्या प्रवाशाला हा हिशेब फायद्याचा पडतो. काही ठिकाणी मात्र दुपारी बाराची वेळ पाळतात. खाली परमिट रूम असलेल्या लॉजवर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, म्हणून बायकामुले बरोबर असतील तर पाटी वाचूनच जिना चढावा. गरम पाणी किती वाजता येते हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत महत्त्वाचा, कारण परभणीचा पारा हिवाळ्यात काही वर्षी 5 अंशांच्याही खाली उतरतो. उलट एप्रिल-मेमध्ये तो चाळिशीच्या बराच पुढे जातो. तेव्हा कूलरच्या भरवशावर राहू नये, एसी खोलीच घ्यावी. बोअरचे पाणी जड असते. आंघोळीला चालते, पिण्यासाठी जारचे किंवा बाटलीचे घ्यावे. प्रत्येक प्रौढाचे आधार कार्ड जवळ असावे.

आता जेवण. या मातीचे धान्य ज्वारी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, अलीकडे लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाणही दिले. दगडी ज्वारीचे पांढरेशुभ्र पीठ, तव्यावरून उतरताच निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी, वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार आणि बाजूला ठेचा, एवढ्यावर इथला माणूस जेवतो. खानावळीत मात्र ती आपोआप मिळेल असे नाही. थाळीत सहसा चपाती येते. भाकरी हवी असेल तर बसता क्षणीच सांगावे, कारण ती सांगितल्यावर थापली जाते आणि वाढायला वेळ लागतो. हा वेळ द्यावा. पिठले, भरले वांगे, शेवग्याच्या शेंगांची आमटी, अंबाडीची भाजी यांपैकी जे त्या दिवशी असेल ते मागावे. मेनू कार्डावर लिहिलेल्या पंजाबी भाज्यांकडे वळूच नये. त्या पुण्यात, मुंबईत याहून बऱ्या मिळतात.

येसराची आमटी नशिबात असेल तर सोडू नये. येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीत सोडले की दाट, खमंग, काळसर आमटी तयार होते. लग्नघरात आणि पंगतीत ती हमखास असते, खानावळीत क्वचित. वाड्यात, शेतावर किंवा ओळखीच्या घरी जेवणाचे आमंत्रण मिळाले तर यजमानांना येसराची आठवण खुशाल करून द्यावी.

सकाळच्या नाश्त्याला सुशीला मागावी. कोणी तिला सुसला म्हणतात. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढतात. मोहरी, हिरवी मिरची, कांदा, हळद यांची फोडणी करून त्यात ते परततात, मग शेंगदाण्याचे आणि डाळ्यांचे कूट वरून पेरतात, कोथिंबीर घालून गरम गरम कागदावर किंवा बशीत देतात. सोबत मिरचीची भजी असतील तर उत्तम. पोहे साऱ्या महाराष्ट्रात मिळतात, सुशीला या पट्ट्यातच चांगली जमते. ती निवाली की चिवट होते, म्हणून बस स्टँडजवळच्या ज्या गाड्यावर गर्दी असेल आणि कढई रिकामी होत असेल, तिथेच खावी.

पाथरीचे दुसरे स्वयंपाकघर दखनी मुसलमानांचे. गावात मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि हा सारा मुलूख सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याआधीही पाथरी हे दोन परंपरांचे गाव. फरिश्ता या इतिहासकाराच्या सांगण्यानुसार अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. त्या घराण्यातला एक मुलगा बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन म्हणून वजीरपदापर्यंत चढला. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली, ती नाकारली गेली आणि 1518मध्ये त्याने ती लढून घेतली. अकबराच्या काळात पाथरी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, ठाणे होती. एवढ्या जुन्या नात्यातून आलेली खाद्यसंस्कृती एका वेळच्या बिर्याणीत संपत नाही.

त्यातला खिचडी-खट्टा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चवदार. मसुराची पिवळी, मोकळी खिचडी आणि त्यावर चिंचेच्या कोळात तीळ-शेंगदाण्याचे वाटण घालून केलेला पातळ खट्टा. तळलेला पापड असतो, मांसाहारी असाल तर खिमाही. सकाळच्या वेळी हे खाणे दखनी घरांत रोजचे आहे. दालचा हा दुसरा पदार्थ: हरभऱ्याची डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवून केलेला, भाताबरोबर खायचा. तहारी म्हणजे मसालेदार पिवळा भात. रमजानमध्ये संध्याकाळी हलीम मिळतो. शाकाहारी माणसानेही बघारे वांगे चाखावे, तीळ-चिंचेच्या रश्शातली छोटी वांगी भाकरीबरोबरही तेवढीच जुळतात. जे काटेकोर शाकाहारी आहेत त्यांनी ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी असलेली खानावळ धरावी. मिश्र हॉटेलात तवा-कढई वेगळी आहे का, हे संकोच न करता विचारावे. कोणी वाईट वाटून घेत नाही.

हिवाळ्यात, डिसेंबरअखेर ते जानेवारी, हुरडा. ज्वारीची कोवळी कणसे शेतातच गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढतात आणि फुंकर मारून कूस उडवतात. बरोबर लसणाची, तिळाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. हुरड्यासाठी म्हणून वेगळी ज्वारी पेरतात. गुळभेंडी आणि सुरती ही त्यातली जाणत्यांची आवड. हुरडा सकाळी खावा, तोंडाशी धग असताना. पॅकेटात बांधून नेलेला हुरडा घरी जाईपर्यंत चिवट होतो. ओळखीचा शेतकरी नसेल तर लॉजवाल्याला किंवा एसटी कँटीनवाल्याला विचारावे. जानेवारीत या भागात हुरडा पार्टी हा प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द असतो.

पाथरीला जोडून काय पाहावे, हे मुक्काम कुठे यावर ठरते. परभणीत राहणाऱ्याला औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि संत जनाबाईंचे गंगाखेड प्रत्येकी दीड तासाच्या आत-बाहेर. तालुक्यातच गोदावरीच्या पात्रात मुदगलचे मुदगलेश्वर मंदिर आहे, आणि गुंज हे दत्तसंप्रदायातल्या योगानंद सरस्वतींचे ठिकाण. पावसाळ्यात नदीला पूर असेल तर मुदगलचे दर्शन लांबणीवर टाकावे, गावात विचारून मगच पात्राकडे जावे. नांदेड रेल्वेने जवळ आहे. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर कोणालाही दिवसरात्र खुला असतो आणि यात्री निवासात राहण्याचीही सोय आहे.

दोन दिवसांचा साधा आराखडा असा: पहिल्या दिवशी परभणीत उतरून लॉज घ्यावा आणि संध्याकाळ गावात फिरण्यात घालवावी. दुसऱ्या दिवशी सुशीला खाऊन पाथरी गाठावी, मंदिर आणि त्याच्या भोवतीच्या वैष्णव गल्लीचा परिसर पाहावा, दुपारी भाकरी मागून जेवावे आणि परतीला मानवतचा चहा घ्यावा. गुरुवार आणि सणाचे दिवस टाळता येत असतील तर टाळावेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. आणि शिर्डीच्या बेतात पाथरीसाठी एक रात्र वेगळी ठेवावी, एवढी विनंती.