मुकी अक्षरे

इंग्रजीत कर्जाला 'डेट' म्हणतात. लिहिताना त्यात 'बी' घालावा लागतो, बोलताना मात्र तो गिळायचा. पालमच्या आमच्या एका हमाल मित्राने कर्जाच्या कागदावरचा हा शब्द 'डेब्ट' असा वाचला. समोरची मंडळी हसली. तो ओशाळला आणि पुढचे न वाचताच सही करून मोकळा झाला. एक उच्चार चुकला याचे आम्हांला दुःख नाही. त्याचे वाचणे थांबले याचे आहे. म्हणून ही अक्षरे मुकी का झाली, ते पाहू.

पहिले कारण जीभ. सुरीला इंग्रजीत 'नाइफ' म्हणतात. त्याच्या आरंभीचा 'के' पूर्वी उच्चारला जात असे. सतराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गेला. पण १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला होता, आणि छापील रूपे हळूहळू कायम होत गेली. उच्चार पुढे गेला, लिखाण मागे राहिले.

दुसरे कारण पंडित. फ्रेंचमधून आलेल्या 'डेट'मध्ये 'बी' नव्हताच. लॅटिन 'डेबितुम'शी नाते दाखविण्यासाठी विद्वानांनी तो घातला. बेटाला 'आयलंड' म्हणतात. त्यातला 'एस' तर चुकीचे नाते जोडल्यामुळे आला. मग हसावे कोणाला?

हा प्रकार एकट्या इंग्रजीचा नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेत उर्दू गिरविली. स्वप्नाला 'खाब' म्हणायचे, पण लिहिताना मध्ये 'वाव' घालायचा, हे त्यांना पाठ करावे लागे.

आणि आपली मराठी? जुनी पुस्तके उघडा. 'नांव', 'गांव', 'पांच', 'घरांत' अशी टिंबेच टिंबे दिसतील. 'नाम'मधल्या 'म'चा नाकातला उच्चार त्या टिंबात उरला होता. कोकणीत तो आजही ऐकू येतो. आपल्या प्रमाण बोलण्यातून तो गेला, टिंब तेवढे राहिले. अखेर १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अशा अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. थोडे नुकसानही झाले: माणसाचे नाव आणि नदीतली नाव आता सारखीच दिसतात. पण शिकणाराचे ओझे हलके झाले.

इंग्रजीतही असे घडले आहे. आमच्या रोजच्या 'लेबर' या शब्दातला 'यू' नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशात गाळला, आणि अमेरिका आज तसेच लिहिते.

तात्पर्य, स्पेलिंग हे माणसांनी केलेले आहे. ते न येणे हा अडाणीपणा नव्हे. मुके अक्षर विचारून कळते. पण लाजेने माणूसच मुका झाला, तर कागदावर काय लिहिले आहे ते त्याला कोण सांगणार? तेव्हा चुकीचे का होईना, मोठ्याने वाचा. अडले तर विचारा. आणि मगच सही करा.