दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. या घाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरताना ब्रेक निकामी झाले, तर गाडी आवरणार कशी? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे चढावर जाऊन संपणारे फाटे. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून आपण ताब्यात असल्याचे दाखवायचे, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो.

मुक्तस्रोत संगणकप्रणालींत नवे बदल आणतानाही अशीच रीत पाळतात. इयान मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेली ‘डेबियन’ पाहा. तिच्या तीन शाखा एकाच वेळी चालू असतात : अस्थिर, चाचणी आणि स्थिर. नवा बदल बहुधा प्रथम अस्थिर शाखेत येतो. तिचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या, खेळणी मोडणाऱ्या मुलाचे. तेथे बदल सहसा २, ५ किंवा १० दिवस थांबतो. त्यात नवा गंभीर दोष निघाला नाही आणि त्याच्यामुळे दुसरे काही मोडले नाही, तर तो चाचणी शाखेत जातो. साधारण दोन वर्षांनी त्या शाखेत नवे बदल घेणे थांबवतात, उरलेले मोठे दोष काढतात आणि तीच स्थिर आवृत्ती म्हणून जाहीर करतात. येथे स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. स्थिर म्हणजे सहसा न बदलणारी.

या थांब्याचे मोल मार्च २०२४मध्ये दिसले. फायली आवळणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात कोणीतरी चोरवाट पेरली होती. ती अस्थिर आणि चाचणी शाखांपर्यंत पोहोचलीही. सिड वापरणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्यांनी माग काढला आणि डेबियनची स्थिर शाखा वाचली. नुसते थांबून भागत नाही. त्या वेळात कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहत असावे लागते.

मराठीचा प्रश्न नेमका येथे येतो. लोणावळ्याच्या ‘दऱ्या’ आणि कोकणचा ‘दर्या’ यांत फरक फक्त ‘र’च्या रूपाचा. टंक किंवा अक्षरे जुळवणारी आज्ञावली चुकली, तर ‘दऱ्या’तला अर्धा र नीट उमटत नाही. प्रमाण हिंदीत हे रूप लागत नाही. त्यामुळे हिंदी मजकूर वाचून तपासणाऱ्याला ही चूक भेटतच नाही. अस्थिर शाखेच्या त्या चार दिवसांत मराठी वाचणारा कोणी नसेल, तर चूक तिन्ही शाखा पार करते. अक्षराचा दोष सहसा गंभीर गणला जात नाही. म्हणून मग ती स्थिर आवृत्तीत पुढची दोन वर्षे मुक्काम करते.

रोजच्या कामाला स्थिर शाखाच बरी. पण घरात जुना संगणक पडून असेल, तर त्यावर अस्थिर शाखा बसवावी, आपला मराठी मजकूर उघडून वाचावा आणि चूक दिसल्यास आवृत्तीचा क्रमांक व पडद्याचे चित्र जोडून कळवावी. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, मराठी यावी लागते.