आवाज नाही, म्हणजे कशाचा नाही? पाण्याने थंड होणारा शांत संगणक आणि त्याच्या भागांची निवड

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाच्या पंख्यांवर बोलावं, याचं काही जणांना नवल वाटेल. पण आजचा विषय मुळात शांततेचा आहे, आणि शांततेबद्दल आपल्या न्याय-वैशेषिकांनी एक फार कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे.

त्यांच्या सात पदार्थांमध्ये सातवा पदार्थ आहे ‘अभाव’. आणि ते म्हणतात, नुसता अभाव असं काही नसतं. अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ‘जमिनीवर घडा नाही’ असं मी म्हणतो, तेव्हा घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी, आणि जमीन हे अधिकरण. हे दोन सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला अर्थ येत नाही.

आता तुम्ही म्हणता, ‘मला शांत संगणक हवा.’ मी विचारणार, कशाचा आवाज नको? आणि कुठे नको? कॅबिनेटच्या आत, की खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाशी? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की सुट्या भागांची निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

पाणी नेमकं काय करतं?

लोकांचा समज असा, की पाणी घातलं की संगणक शांत होतो. पाणी आवाज खात नाही. पाणी उष्णता वाहून नेतं, इतकंच. एवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३५०० पट उष्णता साठवू शकतं. त्यामुळे अंगठ्याएवढ्या चिपपाशी तयार झालेली उष्णता बोटभर जाडीच्या नळीतून बाहेर काढता येते आणि मोठ्या रेडिएटरवर पसरवता येते. पण शेवटी ती जाते हवेतच. हवा हलवायला पंखे लागतातच. म्हणजे पाण्याने पंखे जात नाहीत, उलट एक पंप वाढतो!

मग फायदा काय? फायदा क्षेत्रफळाचा. चिपच्या डोक्यावर मावेल तेवढाच पंखा, हे बंधन सुटतं. जागा वाढली की पंखे वाढवता येतात, आणि पंखे वाढले की ते हळू फिरवता येतात. इथे थोडं गणित करू. पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि एकासारखे चार पंखे एकत्र लावले, तर आवाज ६ डेसिबलने चढतो. आता मिनिटाला १६०० फेरे मारणाऱ्या एका पंख्याऐवजी ८०० फेऱ्यांचे चार लावा. हवा साधारण दुप्पट, आणि आवाज ९ डेसिबलने कमी. १० डेसिबलची घट आपल्या कानाला जवळजवळ निम्म्या आवाजासारखी वाटते. पाण्यावर जो खर्च करायचा, तो या एका हिशेबासाठी करायचा.

एक उदाहरण धरू

एक मुलगी घरून व्हिडिओ संपादनाचं काम करते. घर दोन खोल्यांचं. रात्री संगणकाला काम लावून ठेवायचं, आणि त्याच खोलीत तिची आई झोपते. आईची झोप आणि मुलीची कमाई, दोन्ही त्या एका पेटीवर अवलंबून. इथे शांतता ही चैन राहत नाही. तिचा प्रोसेसर पूर्ण भारावर १५० वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट. एकूण ४५० वॅट, आणि ते सगळे उष्णता होऊन बाहेर पडणार. आता प्रतियोगी मोजू या.

पहिला प्रतियोगी: रेडिएटरचे पंखे. या छंदातल्या मंडळींचा ढोबळ नियम असा, की दर १०० वॅटमागे १२० मिलिमीटरचा एक खण लागतो. तो भागवण्यापुरता नियम झाला. शांतता हवी तर याहून सढळ हात ठेवा. आपल्या उदाहरणात ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर घेतले, तर सहा खण होतात, म्हणजे खणामागे ७५ वॅट. मग पंखे ७००-८०० फेऱ्यांवर ठेवणं शक्य होतं. रेडिएटरची जाडी फार नको, ३० मिलिमीटरच्या आसपास पुरे. आणि त्याच्या पात्यांची दाटी कमी हवी. दाट पात्यांमधून हवा ढकलायला पंखा जोरात फिरवावा लागतो, मग एवढी मोठी जागा घेतली कशाला? पंखा निवडताना त्याचा सर्वांत जास्त वेग बघू नका. तो सर्वांत कमी किती वेगाने न अडखळता फिरतो आणि त्या वेगाला त्याच्या बेअरिंगची टकटक येते का, हे बघा.

दुसरा प्रतियोगी: पंप. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत, डी-५ आणि डीडीसी. डीडीसी लहान, त्याचा दाब जास्त, पण त्याचा सूर बारीक आणि कानात शिरणारा. डी-५ अंगाने मोठा, सुराने मवाळ. शांततेसाठी डी-५ घ्यावा, आणि तो वेग बदलता येणारा असावा. लोक पंप पूर्ण वेगाने चालवतात, कारण त्यांना वाटतं पाणी जितकं वेगात तितकं थंड. हिशेब करून बघा. ४५० वॅट आणि मिनिटाला १ लिटर पाणी, तर एका फेरीत पाणी साधारण साडेसहा अंशांनी तापतं. ४ लिटर केलं तर दीडेक अंशाने. म्हणजे प्रवाह चौपट करून हाती लागले फार तर पाच अंश, तेही सर्वांत गरम जागी. पंप निम्म्याच्या आसपास ठेवला तरी काम भागतं. मात्र तो कॅबिनेटच्या पत्र्याला थेट स्क्रूने आवळू नका. मध्ये मऊ रबर किंवा फोम हवाच. नाही तर पंप कुजबुजतो आणि पत्रा ओरडतो.

तिसरा: कॉइल व्हाइन. ग्राफिक्स कार्डावरच्या लहान कॉइल विजेच्या झटपट चढउतारांनी थरथरतात, त्याची ती किणकिण. इथे पाण्याचा काहीही उपयोग नाही. उलट पंखे शांत झाले की तीच पहिल्यांदा ऐकू येते. म्हणून वॉटर ब्लॉक बसवण्याआधी कार्ड मूळ पंख्यांवर काही दिवस पूर्ण भाराने चालवा आणि कान देऊन ऐका. किणकिण असेल तर दुकानदाराशी बोलायची वेळ तीच. कार्ड उघडल्यावर वॉरंटी राहते का, हेही त्याच वेळी वाचून घ्या.

चौथा: एसएमपीएसचा पंखा. तिच्या संगणकाची एकूण गरज ५५० वॅटच्या आसपास जाईल. एसएमपीएस दीडपट क्षमतेचा, म्हणजे ८५० वॅटचा घेतला, तर तो निवांत चालतो, कमी तापतो आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ हळू किंवा बंद राहतो. पाचवा: हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि तीच ती १२० हर्ट्झची घुमघुम. आत फक्त एसएसडी ठेवावी. जुना साठा दुसऱ्या खोलीतल्या पेटीत हलवावा.

आता कॅबिनेट. आतून फोम लावलेली, दारं बंद असलेली कॅबिनेट ‘सायलेंट’ म्हणून विकतात. पुन्हा न्यायशास्त्राकडे वळतो. तिथे अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्याआधीचा अभाव, आणि प्रध्वंसाभाव म्हणजे ती नष्ट केल्यानंतरचा. फोम आवाज झाल्यावर त्याला मारायला धावतो. हळू फिरणारा पंखा आवाज होऊच देत नाही. काटेकोर नैयायिक माझ्या या वापराला हरकत घेतील, पण खरेदीपुरतं एवढं पुरे. बंद दारांनी हवा अडते, पंख्यांचा वेग वाढतो आणि फोमने मारलेला आवाज परत येतो. तेव्हा जाळीदार, मोकळ्या श्वासाची कॅबिनेट घ्या. दोन्ही रेडिएटर त्यात खरोखर मावतात का, हे पंख्यांची जाडी धरून मिलिमीटरमध्ये मोजा.

आवाज न करणारे, पण घात करू शकणारे भाग

प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेट बघून घ्यायचा, हे सोपं आहे. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र नेमक्या त्याच बोर्डासाठी बनलेला असतो. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डं असली तरी एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून आधी ब्लॉक मिळतो का ते बघा, मग कार्ड घ्या.

धातूंच्या बाबतीत एकच कुळ पाळा. तांबं, पितळ, निकेल चढवलेलं तांबं हे एकत्र नांदतात. त्यांच्यात ॲल्युमिनियम आणलं, तर पाण्याच्या माध्यमातून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. फिटिंगचे आटे बहुतेक सगळीकडे पाव इंची असतात, पण नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास फिटिंगशी जुळायलाच हवा. नळी काळ्या ईपीडीएम रबराची घ्या. पारदर्शक मऊ नळ्या दिसतात छान, पण त्यांच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. पाणी नळाचं नको, फिल्टरचंही नको. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य, किंवा तयार कूलंट वापरा.

कान बदल ऐकतो

पंखा एका संथ सुरात फिरत असेल, तर थोड्या वेळाने मन त्याला सोडून देतं. तोच दर मिनिटाला चढू-उतरू लागला, की झोपलेला माणूस जागा होतो. प्रोसेसरचं तापमान क्षणात वीस-पंचवीस अंश उडी मारतं. पंखे त्याच्या तालावर नाचवले तर ही चढउतार अटळ आहे. पाणी मात्र जड वृत्तीचं आहे. १ लिटर पाण्यावर ४५० वॅटचा भार दहा सेकंद पडला आणि रेडिएटरने काहीच केलं नाही असं धरलं, तरी ते जेमतेम १ अंशाने तापेल. म्हणून पंखे पाण्याच्या तापमानावर चालवा. त्यासाठी पाण्यात बसणारा सेन्सर आणि तो जोडता येईल असा मदरबोर्ड किंवा नियंत्रक लागतो. या सगळ्या यादीत कमी पैशांत सर्वाधिक शांतता देणारा भाग हाच, आणि नेमका तोच बरेच जण विसरतात.

आणखी एक. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पुण्यात जानेवारीच्या रात्री खोली २० अंशांवर असते, मे महिन्यात तीच ३५ वर जाते. पाणी खोलीपेक्षा १० अंश वर राहील असं धरलं, तर मे महिन्यात ते ४५ अंशांवर असेल. त्यात भिण्यासारखं काही नाही. फक्त पंख्यांची पातळी ठरवताना खोली आणि पाणी यांच्यातला फरक धरा, नाही तर उन्हाळाभर पंखे उगाच धावतील.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: एवढ्या खटाटोपापेक्षा बाजारातला तयार, बंद संच घेतला तर?

उत्तर: तो सहसा फक्त प्रोसेसर थंड करतो. आपल्या उदाहरणात ४५० पैकी ३०० वॅट ग्राफिक्स कार्डाचे आहेत, त्यांचा आवाज तसाच राहील. आणि तुमच्याकडे मोठं ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरही शंभरेक वॅटचा असेल, तर मी पाणीच नको म्हणेन. दोन मोठ्या, संथ पंख्यांचा चांगला एअर कूलर लावा. त्याला पंप नाही, म्हणजे एक प्रतियोगी जन्मालाच आला नाही.

प्रश्न: गळती झाली तर?

उत्तर: हा धोका खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. जोडणी झाल्यावर पाणी भरण्याआधी हातपंपाने हवेचा दाब देऊन बघा, अर्थात ब्लॉक बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत. काटा खाली आला तर कुठे तरी फट आहे. मग पाणी भरा आणि बाकी काहीही सुरू न करता फक्त पंप काही तास चालवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. पाणी बाहेर काढायचा नळ सर्वांत खालच्या जागी ठेवा, कारण वर्षातून एकदा पाणी बदलावं लागतंच.

प्रश्न: सर, आमच्याकडे रात्रभर छताचा पंखा चालू असतो. मग या शांततेचा उपयोग काय?

उत्तर: हा प्रश्न अधिकरणाचा आहे, आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा होता! छताच्या पंख्याखाली संगणकाचे शेवटचे दोन-तीन डेसिबल ऐकूच येणार नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नका. पण बारीक किणकिण आणि पंख्यांची चढउतार त्या घरघरीतूनही कानाला टोचते. तुम्ही एसएसडी, बिनकिणकिणीचं कार्ड आणि पाण्याच्या तापमानावर चालणारे पंखे एवढं साधा, तिसरा रेडिएटर राहू द्या. आणि आज घरी गेल्यावर रात्री संगणक पूर्ण भाराने चालवा, दिवा बंद करा, जिथे डोकं टेकता तिथे पडून पाच मिनिटं नुसतं ऐका. जे जे ऐकू येईल ते लिहून काढा. दुकानात जाताना सोबत न्यायची यादी तीच.