करेलापासून मुद्गलापर्यंत

महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांत मारुतीच्या देवळाजवळ तालीम असते, आणि तिच्या कोपऱ्यात, लाल मातीच्या हौद्यालगत, लाकडी मुद्गलांची एखादी जोडी भिंतीला टेकून उभी असते. शासकीय अनुदानातून बऱ्याच ठिकाणी नव्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या. त्यांत लोखंडी चकत्या आल्या, डंबेल्स आली, दोरी व कप्पीची यंत्रे आली. मुद्गल मात्र होते तेथेच राहिले. क्वचित एखादा तरुण उत्साहाच्या भरात ते उचलतो, डोक्यावरून पाठीमागे टाकण्याचा प्रयत्न करतो, खांदा दुखावून घेतो आणि पुन्हा त्यांच्या वाटेस जात नाही. यात दोष मुद्गलाचा नाही आणि त्या तरुणाचाही फारसा नाही. हलक्या साधनाकडून जड साधनाकडे नेणाऱ्या ज्या पायऱ्या पूर्वी वस्तादाच्या नजरेखाली चढल्या जात, त्या मधल्या काळात तुटल्या. त्या पुन्हा कशा बांधता येतील, याचा विचार शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी करण्यासारखा आहे.

करेल, मुद्गल, जोडी हे शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. या लेखापुरते असे धरू, की हाताच्या लांबीचे, बारीक मुठीचे, एक-दोन किलोंच्या आतबाहेरचे ते करेल. आणि बुडाशी रुंद, वर निमुळते होत गेलेले, चार-पाच किलोंपासून पुढे कितीही वजनाचे ते मुद्गल. दोन्ही हातांत एकेक घेऊन फिरविले की ती जोडी. लांब दांड्याच्या टोकाशी गोळा असलेली गदा ही याच कुळातली. उत्तर भारतात, विशेषतः बनारसच्या आखाड्यांत, जड जोडीचे प्रस्थ मोठे असून तेथे अंगाला सर्व बाजूंनी खिळे ठोकलेल्या जोड्याही फिरविल्या जात. चुकीच्या हाताला क्षमा नाही, हे सांगण्याची ती एक रीत म्हणावी लागेल. अनुकरणीय मात्र नव्हे. इराणमधील जोरखान्यांतही अशीच लाकडी साधने फिरवितात व त्यांना ‘मील’ म्हणतात. जोरखान्याच्या या परंपरेस युनेस्कोने 2010 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

शाळेत एक, तालमीत दुसरे

पायऱ्या तुटल्या कशा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. कंपनी सरकारच्या फौजेतील इंग्रज अधिकाऱ्यांनी देशी शिपायांचा हा व्यायाम पाहिला आणि तो विलायतेस नेला. डोनाल्ड वॉकर यांनी 1834 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यायामविषयक पुस्तकात त्याचे वर्णन आढळते. अमेरिकेत सायमन केहो यांनी 1866 साली केवळ या साधनावर पुस्तक लिहिले. पुढे 1904 व 1932 सालच्या ऑलिंपिक सामन्यांत क्लब फिरविण्याची स्पर्धाही झाली. या प्रवासात साधनाचे रूप पालटले. वजन कमी होत गेले, तालबद्धता वाढली आणि बळापेक्षा डौलास महत्त्व आले. इंग्रजी अमदानीत हेच हलके साधन ‘इंडियन क्लब’ असे नाव घेऊन आपल्याच शाळांच्या कवायतीत परत आले. आपली वस्तू परक्या नावाने स्वदेशी परतल्याचे हे उदाहरण मोठे मौजेचे आहे.

परिणाम असा झाला की करेल शाळेत गेले आणि मुद्गल तालमीत राहिले. शाळेतील मुलाला कवायतीचे हात येत, पण वजन ठाऊक नसे. तालमीत येणाऱ्यास वजन दिसे, पण त्याखालची पायरी दिसत नसे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत प्रसिद्ध झाले. देशी व्यायामाची एवढी मोठी नोंद आपल्या भाषेत असताना हे अंतर पडावे, ही खेदाची गोष्ट आहे. कालांतराने शाळांतील करेलही बहुतेक ठिकाणी मागे पडले.

खांद्याची रचना व वजनाची ओढ

मानवी शरीरात सर्वाधिक दिशांनी फिरणारा सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि ज्या खोबणीत तो बसतो ती उथळ. त्यामुळे हात पुढे, मागे, वर, आडवा असा कसाही फिरू शकतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अस्थिरता. तो माथा खोबणीच्या मध्यभागी धरून ठेवण्याचे काम सभोवतालचे चार लहान स्नायू व त्यांच्या कंडरा करतात. शिवाय हात पूर्ण वर नेताना एकटा सांधा फिरत नाही, पाठीवरील खांद्याचे पातेही फिरते. हात 180 अंश वर जातो त्यापैकी साधारण 120 अंशांचा वाटा सांध्याचा व 60 अंशांचा पात्याचा असतो. दिवसभर टेबलाशी वाकून लिहिणाऱ्याचे पाते पुढे झुकून आखडते, आणि मग हात वर नेताना सारा ताण त्या लहान कंडरांवर येतो. फळ्यावर खांद्याच्या वर हात धरून लिहिणाऱ्या शिक्षकांना हा त्रास अपरिचित नसावा.

आता मुद्गल आणि साधे वजन यांतील फरक पाहू. चार किलोंचे डंबेल हाताच्या मुठीतच असते. आडव्या पसरलेल्या हातात ते खांद्यापासून 60 सेंटिमीटरवर आहे असे धरल्यास खांद्यावरील भार 4 गुणिले 60, म्हणजे 240 किलो-सेंटिमीटर होतो. चार किलोंच्या मुद्गलाचा गुरुत्वमध्य मात्र मुठीपासून आणखी 35 सेंटिमीटर पुढे असतो. भार होतो 4 गुणिले 95, म्हणजे 380. वजन तेच, पण ओझे दीडपटीहून अधिक. मनगटावर तर डंबेलचा असा भार जवळजवळ नसतोच, मुद्गलाचा 140 येतो. यात हाताचे स्वतःचे वजन धरलेले नाही.

हे झाले स्थिर वजनाचे. फिरणारे मुद्गल हाताला बाहेरच्या बाजूस ओढते. सेकंदाला तीन मीटर वेगाने, 80 सेंटिमीटरच्या घेरात फिरणारे चार किलोंचे मुद्गल साधारण साडेचार किलोंच्या वजनाइतकी ओढ निर्माण करते. घेराच्या तळाशी त्यात त्याचे स्वतःचे वजन मिळते, आणि चार किलोंचे साधन हाताला साडेआठ किलोंचे भासते. हीच ओढ हळुवार असेल तर सांधा मोकळा करते, पाते जागचे हलविते, आणि माथ्याला धरून ठेवणाऱ्या लहान स्नायूंना प्रत्येक दिशेने काम देते. तीच एकदम आली तर कंडरा दुखावते. औषध व अपाय यांतील अंतर येथे केवळ वजनाचे आणि वेगाचे आहे.

शिकण्याचा क्रम

प्रारंभी हातात काही न घेता एक चाचणी करावी. भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभे राहावे आणि दोन्ही हात सरळ ठेवून समोरून वर न्यावेत. कंबर भिंतीपासून कमानीसारखी न सुटता अंगठे भिंतीला टेकले, तर करेल हातात घेण्यास हरकत नाही. टेकत नसतील, तर काही आठवडे हाच व्यायाम व टॉवेल दोन्ही हातांत ताणून डोक्यावरून मागेपुढे नेण्याचा व्यायाम करावा. येथे घाई करणारे पुढे हमखास अडतात.

पहिले करेल प्रौढ व्यक्तीसाठी एक ते दीड किलोचे पुरे. मूठ करंगळीच्या बाजूने घट्ट व तर्जनीच्या बाजूने थोडी सैल असावी; मूठ सर्व बाजूंनी आवळली की मनगट अडते आणि घेर तुटतो. पाय खांद्याएवढ्या अंतरावर. आधी करेल खाली लोंबते ठेवून लोलकाप्रमाणे शरीरासमोर डावीउजवीकडे झुलवावे. त्याचा स्वतःचा वेग हाताला कळू लागला, म्हणजे पुढे जावे. मुद्गल हाताने ढकलायचे नसते, त्याच्या झोक्याला योग्य वेळी साथ द्यायची असते, हे ज्ञान याच पायरीवर होते.

त्यानंतर मुख्य घेर. उजव्या हातातील करेल छातीसमोर उभे धरावे, कोपर बरगडीजवळ. तेथून हात डाव्या कानाच्या बाजूने वर न्यावा व करेलाचे टोक डाव्या खांद्यामागे सोडावे. ते पाठीमागे लोंबत डावीकडून उजवीकडे झोका घेईल. या क्षणी कोपर आकाशाकडे, मूठ मानेच्या मागे आणि टोक जमिनीकडे असावे. उजव्या बाजूस येताच ते उजव्या खांद्यावरून पुढे ओढून पुन्हा छातीसमोर उभे करावे. हा एक फेर. दुसऱ्या हाताने उलट दिशेने. श्वास रोखू नये. टोक मागे सुटताना श्वास घ्यावा, पुढे ओढताना सोडावा. अशा हातांची नावे तालीमगणिक बदलतात, म्हणून ती येथे दिलेली नाहीत. गावात जाणता वस्ताद असेल तर त्याने दिलेले नाव तेच खरे मानावे.

पाहणाऱ्या शिक्षकाने तीन ठिकाणी लक्ष ठेवावे. टोक मागे जाताना कंबर मागे कमानते का; कोपर वर न राहता बाहेर फाकते का; आणि फेर संपविताना मुद्गल हिसका देऊन थांबविले जाते का. यातील तिसरी चूक सर्वांत घातक. दुखापती बहुधा फिरविताना होत नाहीत, थांबविताना होतात. शेवटचे दोन फेर संथ करीत आणून मुद्गल छातीशी स्वीकारावे, अडवू नये.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक हाताने दहा-दहा फेरांच्या तीन खेपा एवढ्यावर सुरुवात असावी. वीस फेर न थांबता, न अडखळता, दोन्ही हातांनी सारखेच होऊ लागले की अर्धा किलो वाढवावा. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरा मात्र सावकाश. ताकद आल्यासारखी वाटते तेव्हा सांधा अजून तयार नसतो. दोन-तीन किलोंवर हात बसल्यानंतर चार-पाच किलोंचे एकच मुद्गल दोन्ही हातांनी धरून फिरविण्याची पायरी घ्यावी. ओझे दोन खांद्यांत वाटले जाते आणि धड फिरविण्याची सवय लागते. ही मधली पायरी फार उपयुक्त असूनही बहुतेक जण ती गाळतात. मग एका हातात तेच वजन, व शेवटी जोडी. एवढ्या क्रमाला चार ते सहा महिने लागले तर ते अधिक समजू नयेत. त्यापुढील वजने वस्तादावाचून उचलू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या व्यायामाने पायांस बळ येत नाही. त्यासाठी बैठकांना पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मुद्गल हा त्यातील एक भाग. चाळीस ते साठ या वयात, आणि मधुमेही व्यक्तींत विशेषकरून, खांदा आखडून गोठल्यासारखा होण्याचा विकार आढळतो. रात्री खांदा ठणकत असेल, हात वर जातच नसेल किंवा पूर्वी सांधा निखळलेला असेल, तर आधी डॉक्टरांस दाखवावे. वेदना सहन करून फिरविण्यात कोणताही पुरुषार्थ नाही.

पंचायतीने काय करावे

या साधनासाठी दूरच्या बाजारात जाण्याचे कारण नाही. गावचा सुतार किंवा कातारी ते घडवू शकतो. वाळलेल्या बाभळीचे लाकूड घन सेंटिमीटरला साधारण 0.8 ग्रॅम भरते. 50 सेंटिमीटर लांब व सरासरी 7 सेंटिमीटर व्यासाचे करेल सुमारे दीड किलोचे होते. 60 सेंटिमीटर लांब व सरासरी 10 सेंटिमीटर व्यासाचे मुद्गल पावणेचार किलोंच्या घरात जाते. सागवान त्याहून हलके, म्हणून लहान करेलांना ते बरे. लाकूड ओले नसावे, कारण वाळताना ते उभे चिरते. मूठ व अंग एकाच ठोकळ्यातून कातलेले असावे. जोडलेली मूठ फिरत्या वजनाखाली निसटण्याचा धोका असतो. मुठीच्या टोकाशी हात अडेल असा गोळा अवश्य ठेवावा.

एकाच वजनाच्या दहा जोड्या करून घेण्याऐवजी एक, दीड, दोन, तीन, चार व पाच किलो अशा चढत्या वजनाच्या जोड्या कराव्यात. पैसा तेवढाच लागतो, पण शिकण्याची वाट तयार होते. व्यायामशाळा विकासासाठी शासनाच्या क्रीडा विभागामार्फत अनुदान दिले जाते. त्याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात घेताना, साधनांच्या यादीत देशी साधने बसतात का याची विचारणा करावी. शाळकरी मुलांना अर्ध्या ते एक किलोपेक्षा जड करेल देऊ नयेत. मुलींसाठी वेगळी वेळ व शक्य तेथे शिक्षिका असाव्यात. करेल फिरविण्यात मुलगे व मुली असा भेद करण्यासारखे काही नाही.

फिरविणाऱ्यांमध्ये दोन्ही बाजूंस दोन हात पसरल्याएवढे अंतर असावे आणि मागे कोणी उभे राहू नये. घामाने मूठ निसटते, म्हणून तालमीतील माती किंवा राख हातास लावण्याची जुनी रीत चांगली आहे. दर महिन्यास प्रत्येक साधन उन्हात धरून चिरा तपासाव्यात, मुठीच्या मुळाशी चीर दिसल्यास ते लगेच बाजूस काढावे. पावसाळ्यापूर्वी जवसाचे तेल चोळून मुद्गल जमिनीपासून वर, लाकडी फळीवर उभे ठेवावेत; ओल्या भिंतीला टेकवून ठेवल्यास बुडाला वाळवी लागते.